फ्रिजला सांगितलेली टॅक्सी

भाऊंनी जहाजाच्या सहलीला जायचं ठरवलं ते समुद्राच्या ओढीने नव्हे, रागाने. रागाच्या भरात कुणी ताट लोटतं, कुणी घर सोडतं, कुणी मृत्युपत्र बदलतं. भाऊंनी सात दिवसांची क्रूझ घेतली. राग तेवढाच मोठा होता. तो ज्यांच्यावर होता ते भाऊंचे सख्खे थोरले बंधू. ते त्याच घरात, मधली एक भिंत सोडून पलीकडच्या खोलीत राहत होते आणि भाऊंशी अकरा वर्षं बोलत नव्हते.

बोलत नव्हते हे अगदी खरं नाही. बोलत होते, पण फ्रिजशी. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, त्यामुळे निरोप पोचवायला घरात तिसरं माणूस नव्हतं. स्वयंपाकघरात मध्यभागी उभा, दोघांच्या खोल्यांतून दिसणारा आणि कुणाची बाजू न घेणारा असा फ्रिज तेवढा होता. भाऊ त्याच्याकडे बघून म्हणायचे, "दूध संपलंय म्हणावं." पलीकडून दादा म्हणायचे, "आणलंय म्हणावं. वरच्या कप्प्यात आहे. डोळे उघडून बघावं म्हणावं." चिठ्ठी लिहायची नाही हा नियम होता. चिठ्ठी म्हणजे पत्रव्यवहार आणि पत्रव्यवहार म्हणजे संबंध. सरकारी कागद मात्र चालायचे. सही लागणारा कागद लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली फ्रिजवर लावायचा, सकाळी सही होऊन मिळायचा. अशी सोय पुष्कळ संसारांतही नसते.

भांडण कशावरून झालं हे सांगायला लाज वाटावी इतकं ते किरकोळ होतं. दादा रेडिओ दुरुस्त करायचे. नुसती खरखर ऐकून आतला कुठला सांधा सुटलाय हे सांगणारा त्यांचा कान होता. एका रविवारी भाऊंच्या ऑफिसातले तिघे आले होते आणि आत दादा एक रेडिओ लावून तपासत होते. भाऊ म्हणाले, "दादा, आवाज कमी कर, इथे माणसं बसलीत." दादांनी रेडिओ बंद केला, आणि त्याच्याबरोबर स्वतःलाही.

पण फ्रिज होता तोवर घर चालत होतं. गेल्या दोन वर्षांत मात्र दादांनी फ्रिजलाही उत्तर देणं सोडलं. आधी त्यांनी रेडिओचा आवाज वाढवत नेला, इतका की भाऊंना कानात कापूस घालावा लागला. मग एक दिवस तो कायमचा बंद केला. भाऊंना वाटलं, अखेर जिंकलो. त्याच सुमारास दादांनी दुकानाची पाटीही उतरवली. हल्ली रेडिओ ऐकतंय कोण, असं सगळे म्हणाले. बेल वाजली तरी दादा उठत नसत, फोन वाजून वाजून थकत असे. भाऊ ही सगळी कलमं मनातल्या आरोपपत्रात नोंदवत होते. ते नोकरीत वजनमापांचे इन्स्पेक्टर होते. तराजूचा काटा केसभर हलला तरी त्यांना दिसायचा, आणि या नजरेचा त्यांना अभिमान होता.

शेवटचं कलम बाथरूममध्ये घडलं. भाऊ पाय घसरून पडले. घोटा मुरगळला, उठता येईना. पडल्यापडल्या त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा, फ्रिजला मध्ये न घालता, थेट हाक मारली, "दादा." मग आणखी मोठ्याने. मग बरीच मोठ्याने. दादा पलीकडच्या खोलीत होते. टेबलावर स्क्रूड्रायव्हर ठेवल्याचा आवाजसुद्धा भाऊंना ऐकू येत होता. पाऊण तासाने समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या म्हणून सुटका झाली. घोटा पंधरा दिवसांत बरा झाला. ती हाक मात्र भाऊंच्या घशात काट्यासारखी अडकून राहिली.

म्हणून जहाज. लहानपणी पलंग उलटा करून दोघे जहाज करायचे. दादा कप्तान व्हायचे आणि उरलेलं सगळं, म्हणजे खलाशी, वादळ, शार्क मासा, भाऊंकडे असायचं. मोठे झालो की खऱ्या जहाजातून जायचं हे ठरलेलं होतं. आता आपण एकट्याने जायचं आणि त्यांना कळू द्यायचं, असा बेत.

सहल कंपनीच्या ऑफिसातल्या बाई फार गोड होत्या आणि हीच पहिली अडचण होती. त्या गोडपणे म्हणाल्या, "केबिन दोघांची असते, सर. एकटे आलात तरी दोघांचेच पैसे."

"म्हणजे एक किलो घेणाऱ्याला दोन किलोचा भाव?" भाऊ म्हणाले. "बाई, तीस वर्षं मी लोकांचे तराजू जप्त केलेत ते याच कारणासाठी."

"मग कुणाला तरी घेऊन या ना. त्याच पैशात होईल. आणि सहप्रवाशाचा रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही."

कॉम्प्युटरपुढे भाऊंचं काही चाललं नाही. त्यांनी बराच वेळ पेनचं टोपण चावलं आणि नुसता रकाना भरायचा म्हणून, निव्वळ नाइलाज म्हणून, दादांचं नाव लिहिलं. पुढे नातं विचारलं होतं. यादीत पती, पत्नी, मुलगा, मुलगी होते. भाऊ नव्हता. बाईंनी 'इतर' वर खूण केली. भाऊंना उगाचच वाईट वाटलं.

दादांनी स्वतः भरायची दोन पानं होती. ती रात्री लिंबाखाली लागली आणि सकाळी भरून, सही होऊन मिळाली. भाऊंनी सही तेवढी बघितली. दुसऱ्याची खासगी माहिती वाचायची नाही, हे त्यांचं तत्त्व. कागदांवर निघायची तारीख नव्हती, नुसता सहलीचा क्रमांक होता. पण सही झाली. भाऊ दिवसभर गुणगुणत होते, आणि ते आनंदाने नव्हे असं स्वतःला बजावत होते.

बातमी इमारतभर झाली आणि सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेले पीटी मास्तर राहायचे. त्यांनी जन्मात जहाज पाहिलं नव्हतं, पण हलत्या जमिनीवर चालायचं एक तंत्र असतं म्हणाले. रोज संध्याकाळी गच्चीवर ते भाऊंना एका पायावर उभे करत आणि बाजूने ढकलत. "लाट आली. सावरा. दुसरी लाट." तिसऱ्या संध्याकाळी मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळला. कोपऱ्यावरच्या शिंप्याने, कप्तानाबरोबर जेवायचं तर सूट हवाच, अशी खात्री देऊन सूट शिवला. त्यात बसता येत नव्हतं. शिंपी म्हणाला, "साहेब, उभ्या माणसाचं माप घेतलंय. बसणार आहात हे आधी सांगायला हवं होतं." जन्मभर मापं तपासलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

समोरच्या वहिनींनी आल्याच्या वड्या दिल्या आणि हळूच विचारलं, "दादांना नीट सांगितलंत ना?"

"सांगितलंय," भाऊ म्हणाले.

सांगितलं होतं, अर्थातच फ्रिजला. रविवारी सांगितलं, "मंगळवारी सकाळी आठला टॅक्सी येणार आहे म्हणावं. ज्याला यायचंय त्याने तयार असावं." पलीकडे दादा पाठमोरे बसून काहीतरी खोलत होते. मानही वळली नाही. सोमवारी पुन्हा सांगितलं, जरा जोरात. फ्रिज घरघरला, दादा नाही. त्या आठवड्यात दादांनी केस मात्र कापून घेतले होते आणि रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसत होते. मी जाणार याचा सण साजरा करतोय, असं भाऊंनी मनात म्हटलं. त्यांना वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचाही राग आला.

मंगळवारी आठला टॅक्सी आली. भाऊ सूट घालून, म्हणजे बसायची सोय नसताना, दारात उभे राहिले आणि फ्रिजला म्हणाले, "टॅक्सी आली म्हणावं." पाच मिनिटं थांबले. टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. आणखी पाच मिनिटं थांबले. दादांची पाठ दिसत होती, नवा शर्ट, मानेवर नुकती कात्री फिरलेली. दोन पावलं आत जावं आणि खांद्यावर हात ठेवावा असं भाऊंना फार वाटलं. पण बाथरूममधली हाक आठवली. एका माणसाने किती वेळा हाक मारायची? त्यांनी दार ओढून घेतलं आणि टॅक्सीत तिरके होऊन, जवळजवळ आडवे, बंदरापर्यंत गेले.

जहाज इमारतीएवढं होतं. चढताना कागद बघणाऱ्या माणसाने विचारलं, "दुसरे प्रवासी?" भाऊ म्हणाले, "येणार नाहीत." त्याने मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. कुठे काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं हे भाऊंच्या अनुभवी डोळ्यांना जाणवलं होतं, पण मागे रांग होती. जिन्यात एका फोटोग्राफरने त्यांना फुलांच्या चौकटीत उभं केलं. चौकट दोघांची होती. "जरा मध्ये या, सर," तो म्हणाला. भाऊ मध्ये आले नाहीत. एका बाजूलाच उभे राहिले. का, ते त्यांनाही कळलं नाही.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. भोंगा वाजला की प्रत्येकाने नारिंगी जाकीट घालून डेकवर ठरल्या जागी यायचं. भाऊ सर्वांत आधी पोचले, कारण जिना चढताना सूटची शिवण उसवून तो एकदाचा सैल झाला होता. हजेरी सुरू झाली. एका बाई अधिकाऱ्यांनी दादांचं नाव पुकारलं. मग पुन्हा पुकारलं.

"ते नाहीत," भाऊ म्हणाले.

"नाहीत म्हणजे? केबिनमध्ये आहेत?"

"नाहीत म्हणजे आलेच नाहीत."

"यादीत आलेत." बाईंनी कागद दाखवला. यादीत दादा आले होते. आणि यादीत आलेला माणूस सापडेपर्यंत जहाज सोडायचं नाही, असा नियम. चाळीस मिनिटं हजारभर माणसं नारिंगी जाकिटं घालून उन्हात उभी राहिली आणि जहाजाचे लोक दादांना शोधत राहिले. पोहण्याच्या तलावात बघितलं, नाचघरात बघितलं. शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाई भाऊंना म्हणाल्या, "माझे हेसुद्धा असेच कुठेही जाऊन बसतात." भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई परत आल्या. म्हणाल्या, "केबिनमधला दिवासुद्धा तीनदा लावून बघितला आम्ही. त्यांना भोंगा ऐकू जाणार नाही ना, म्हणून."

"कुणाला ऐकू जाणार नाही?"

"तुमच्या भावाला."

"बाई, तुमची काहीतरी चूक होतेय," भाऊ म्हणाले. "आमच्या दादाचा कान म्हणजे... खरखर ऐकून सांगतो तो, सांधा कुठे सुटलाय ते."

बाईंनी हातातल्या गठ्ठ्यातून एक कागद काढून पुढे धरला. फ्रिजवर लावलेलाच कागद होता तो. एका कोपऱ्यावर लिंबाच्या चुंबकाचा वळ होता. 'श्रवणदोष असल्यास' या ओळीपुढे दादांच्या बारीक, गोल अक्षरात लिहिलं होतं, 'दोन्ही कान. दोन वर्षांपासून.' आणि खाली, 'विशेष सूचना' मध्ये, 'मला काही सांगायचे असल्यास भावाला सांगावे. तो बरोबर आहे.'

भाऊंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं. केसभर हललेला काटा दिसणारी नजर म्हणे. रेडिओचा वाढत गेलेला आवाज, उतरवलेली पाटी, न उचललेला फोन. दोन वर्षं भाऊ बंद दारावर बोलत होते, आणि आतला माणूस समजत होता की आता फ्रिजलाही आपल्याशी काही बोलायचं नाहीये. आणि बाथरूममधून मारलेली ती हाक. भाऊ तिथेच जाकिटासकट खाली बसले. आजीबाईंनी त्यांना पाणी दिलं.

"मला उतरायचंय," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, ते चढलेच नाहीत हे कळल्यावर यादीतलं नाव खोडलं आणि आता शिडी काढली. मग म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी बेट लागेल, पण तिथून परत यायला दुसरी बोट नाही. मग म्हणाल्या, पासपोर्ट सहल संपल्यावरच मिळतात. हे सगळं त्यांनी इतक्या समजुतीने सांगितलं की भांडायलाही जागा उरली नाही. जहाज सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केबिनमधून भाऊंनी घरी फोन लावला. तो वाजत राहिला. कुणासाठी वाजतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी ठेवला आणि वहिनींना लावला.

"दादांना ऐकू येत नाही, वहिनी."

"हो," वहिनी म्हणाल्या. "मी जमिनीवर पाय आपटते. मग बघतात वळून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. एका घरात राहता ना तुम्ही?"

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊ, ते आठवडाभर बॅग भरून तयार होते. निघायचं कधी ते माहीत नव्हतं, म्हणून रोज आंघोळ करून, बूट घालून बसायचे. टेबलाच्या मागे बॅग होती, दिसली नाही तुम्हाला? आज दुपारी मी गेले तर ते बूट घालूनच बसले होते. शेवटी मी कागदावर लिहून दाखवलं, टॅक्सी गेली म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. बूट काढले त्यांनी."

उरलेल्या दिवसांचं काय सांगावं. जेवायला दोघांचं टेबल होतं. दोन ताटं, दोन ग्लास, आणि वाढपी रोज विचारायचा, "ते येतायत ना?" तिसऱ्या दिवशी भाऊंनी एका पानावर उत्तर लिहून टेबलावर उभं केलं. केबिन साफ करणाऱ्या बाई दोन टॉवेलांची दोन बदकं करून दोन पलंगांवर ठेवायच्या. दारावर कुणी टकटक केली की दादांच्या पलंगाशेजारचा दिवा भक्कन लागायचा आणि विझायचा. दादांसाठी बसवलेला तो दिवा भाऊ दिवसभर बघत बसायचे. कप्तानाबरोबर जेवणही झालं. कप्तान चांगला माणूस निघाला. भाऊंनी त्याला विचारलं, "तुम्ही लहानपणी पलंगाचं जहाज करायचात का?" तो नाही म्हणाला. समुद्र मात्र खूप होता. जिकडे बघावं तिकडे होता, आणि दाखवायला कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी भाऊ घरी पोचले. किल्ली फिरली, दार उघडेना. आतून कडी होती.

वहिनी बाहेर आल्या. "आठवडाभर नुसतं लोटलेलं असायचं. आज तुम्ही येणार म्हणून मी सकाळी लिहून दाखवलं, तर कडी लावून घेतली."

भाऊंनी सवयीने बेल दाबली आणि हात मागे घेतला. वहिनींनी जिन्यात पाय आपटून बघितला. पण दादा आतल्या खोलीत असावेत. खालून पीटी मास्तर आले आणि सगळ्यांनी एका तालात उड्या मारायची योजना मांडली. शिंपी म्हणाला, खिडकीचं माप घ्या, कदाचित साहेब मावतील. कुणी म्हणालं पोलिस. भाऊ बॅग धरून उभे होते. दारावरच्या झडपेतून दादांच्या टेबलावरच्या दिव्याचा पिवळा उजेड दिसत होता. तो दिवा दिवसाही जळत असे.

भाऊंनी बॅग खाली ठेवली, जिन्यातल्या मीटरच्या पेटीशी गेले आणि घराचा मुख्य खटका खाली केला. उजेड गेला. वर केला, आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. सात दिवस केबिनमधला तो एकच दिवा बघितलेला होता, त्यामुळे हात आपोआप चालला.

आत खुर्ची सरकली. चपला फरफटल्या. कडी निघाली आणि दार उघडून दादा बाहेर आले. भाऊंसाठी आले नव्हते. हातात टेस्टर होता, कपाळावर आठ्या. घरातली वीज बिघडली आणि ते बसून राहिले असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी पेटीकडे बघितलं आणि खटक्यावर भाऊंचा हात दिसला.

"फ्यूज गेलेला नाही," दादा म्हणाले. आवाज नको तितका मोठा होता. स्वतःचा ऐकू येत नसल्यामुळे तो त्यांना मोजता येत नसावा.

"नाही," भाऊ म्हणाले आणि जवळ गेले. दादा म्हातारे दिसत होते. अकरा वर्षांत भाऊंनी त्यांना पाठमोरंच बघितलं होतं. चेहरा असा समोरून बघायचं राहूनच गेलं होतं. "दादा, चुकलं माझं."

दादा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. "काय?"

"चुकलं म्हटलं माझं."

"जरा मोठ्याने बोल."

भाऊ मोठ्याने बोलले. मग आणखी मोठ्याने. मग बाथरूममध्ये पडले होते तेव्हा ओरडले नसतील इतक्या मोठ्याने, चारी मजल्यांना ऐकू जाईल असं. खालच्या मजल्यावर दारं उघडली. आवाज कमी करा असं कुणी म्हणालं नाही. हे दोन वर्षांपूर्वीपर्यंत कधीही, नुसत्या बोलण्याच्या आवाजात सांगता आलं असतं आणि ते पोचलंही असतं, हे ओरडताना भाऊंच्या मनात येत होतं. त्यांचा घसा बसला.

दादांनी मान डोलावली. ऐकू न आलेली माणसं डोलावतात तशीच. मग त्यांनी भाऊंची खाली ठेवलेली बॅग उचलली, आत नेली आणि टेबलामागच्या आपल्या बॅगेशेजारी ठेवली. ती अजून भरलेलीच होती. भाऊ मागोमाग गेले. दादा सवयीने फ्रिजकडे वळले.

"समुद्र कसा होता, विचार त्याला," ते म्हणाले.

भाऊ पुढे झाले आणि फ्रिजच्या समोर, दादांना ओठ दिसतील असे उभे राहिले. घशातून आता आवाज येत नव्हता, पण तसाही तो लागणार नव्हता.

"दोघांचा होता," ते म्हणाले.